गुणदास म्हणे, मी धूळ

गुणवंतराव,

तुम्ही गेल्यावर, तुमच्यावर पानभर लिहून द्या, असं आपल्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेवाल्यांनी सांगितलंय. "बाई, तुम्ही बी.एस्सी. आहात, तुम्हालाच जमेल," म्हणाले. बी.एस्सी.चा आणि तुमचा संबंध काय, ते मला ठाऊक नाही. शिकलेलं माणूस खोटं लिहिताना दोनदा विचार करतं, अशी त्यांची समजूत असावी. मला विचार करायची गरजच नाही, कारण मी खोटं लिहिणार नाही.

तुम्ही दोनशे अकरा गीतं लिहिलीत. त्यातल्या दोनशे दहांत माणूस धूळ आहे, कीटक आहे, चिखल आहे, फुटकं मडकं आहे. उरलेल्या एकात तो सापाचं पिल्लू आहे. देव मात्र दर गीतात सिंहासनावर, आणि त्याच्याभोवती एवढा उजेड की त्याला खालचं काही दिसत नसावं. मला तर वाटतं, तुम्हाला तेच हवं होतं. मान वर करून चालणाऱ्याला शेजारी कोण उभं आहे ते बघावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नाही. धूळ प्रत्येक गीताच्या शेवटी स्वतःचं नाव कसं काय लिहिते?

एवढं लिहून सत्यशीलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. हे कुणी छापणार नव्हतं. मग दुसऱ्या कागदावर त्यांनी जन्मतारीख, नोकरी आणि गीतांची संख्या लिहिली, तो कागद पाठवून दिला, आणि हा टेबलाच्या खणात टाकला.

नोकरी म्हणजे लाकूड आगारातली. गुणवंतराव चौतीस वर्षं मोजणी कारकून होते. जंगलातून सागाचे ओंडके यायचे. गुणवंतराव टेप लावून घेर घ्यायचे, लांबी घ्यायचे, गाठ कुठे, भेग कुठे, आतून पोकळ आहे का ते बघायचे आणि प्रत ठरवायचे. पहिली, दुसरी, तिसरी, आणि कशातच बसत नसेल तर जळाऊ. त्यांनी बोट दाखवलं की हमालानं ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याची खूण ठोकायची. निकाल लागला.

निवृत्त झाल्यावर ओंडके गेले, नजर राहिली. वडशाच्या रेल्वे फाटकापलीकडच्या त्या छोट्या चर्चमध्ये जो शिरेल त्याचा घेर ते डोळ्यांनी घ्यायचे. कुणाची नवी सून आली, दुसरी प्रत. कुणी दारू सोडून आला, तिसरी, आणि तीही पोकळ. पहिल्या प्रतीत एकटा देव. स्वतःला ते गीतात जळाऊच्याही खाली घालायचे, आणि बसायला मात्र पुढच्या रांगेतली हात असलेली खुर्ची लागायची. एका रविवारी ब्रह्मपुरीचा कुणी पाहुणा न कळून तिच्यावर बसला. गुणवंतराव पूर्ण उपासनाभर खांबाला टेकून उभे राहिले, दुसरी खुर्ची दिली तर घेतली नाही. त्या आठवड्यात त्यांनी नम्रतेवर गीत लिहिलं. सहा कडव्यांचं.

त्या मंडळीत एक रीत आहे. कुणी वारलं की त्याच्या दफनाला नवीन गीत व्हायला हवं. ही रीत कुणी पाडली ते आठवत नाही, पण पाडली तेव्हा लिहिणारा एकच होता एवढं सगळ्यांना आठवतं. गीत गुणवंतरावांचं, हार्मोनियम सत्यशीलाबाईंची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, सूर चुकत नाही म्हणून पेटीवर बसवलेली. त्यांना शब्द निवडायचा अधिकार नव्हता. गीताचं शेवटचं कडवं ठरलेलं असायचं, 'गुणदास म्हणे' इथून सुरू होणारं. आणि त्याच कडव्यातली एक ओळ मेलेल्याच्या क्रूसावर रंगवली जायची. दगडी थडगं तिथे कुणी बांधत नाही. लाकडाचा क्रूस, वर पांढरा रंग, आणि पांढऱ्यावर अक्षरं.

अक्षरं काढायची विक्की पेंटरनं. हा विक्की वडशातला. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे बोर्ड रंगवतो, त्यातच त्याचा हात बसलेला. बोर्डावर कसं, मोठ्या नटाचं नाव लाल रंगात, त्याला पिवळी सावली, आणि बाकीचे जागा मिळेल तिथे. चर्च त्यानं आतून पाहिलेलं नव्हतं. गुणवंतरावांनी पहिली चिठ्ठी दिली, तिच्यावर ओळ होती, 'गुणदास म्हणे, धूळ मी तव चरणांची', आणि खाली मेलेल्या बाईचं नाव. विक्कीनं आपल्या समजुतीप्रमाणे मुख्य कलाकार ओळखला. 'गुणदास म्हणे' वीतभर उंच, लाल, सावलीसकट. मेलेली बाई खालच्या कोपऱ्यात, काळ्या रंगात, जसा बोर्डावर पेटीवाला असतो.

ती बाई गुणवंतरावांची सख्खी मावशी होती. ते क्रूसासमोर बराच वेळ उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता विक्कीची खैर नाही. गुणवंतराव म्हणाले, "अक्षर बरं आहे."

झालं. तिथून पुढे तेवीस क्रूस तसेच उभे राहिले. मग चंद्रपूरहून नवीन पाळक आले, कुलदीप नावाचे, वयानं लहान. एकदा सत्यशीलाबाईंबरोबर दफनभूमीतून चालताना ते हळूच म्हणाले, "बाई, हे गुणदास घराणं फार मोठं होतं का? कुठली साथ आली होती काय?"

सत्यशीलाबाईंना हसता हसता खाली बसावं लागलं. हा किस्सा त्यांनी गुणवंतरावांना मुद्दाम जाऊन सांगितला. ते हसले नाहीत. "वाचणाऱ्याला वाचता आलं पाहिजे," एवढंच बोलले.

नोव्हेंबरात, धान कापणीच्या दिवसांत, वारलू गेला. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या सकाळी खलास. वारलू आगारातला हमाल. वीस वर्षं गुणवंतरावांचा हातोडा त्यानंच उचलला. एकदा ओंडका घरंगळून त्याच्या पायावर आला, तेव्हा गुणवंतरावांनी आधी ओंडक्याला भेग गेली का ते पाहिलं. मग पाय पाहिला. पाय कायमचा गेला, तसं त्याला चर्चची घंटा वाजवायचं काम मिळालं. लंगडत यायचा, वाजवायचा, मागच्या दाराशी बसायचा. त्याची बायको भागीरथा लोकांच्या बांधीत रोवणा करायची, म्हणजे चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, आणि लावता लावता गाणी जुळवायची. तिला अक्षर येत नव्हतं.

वारलू गेला त्या सकाळी भागीरथा सत्यशीलाबाईंच्या दारात येऊन बसली. रडून झालेलं होतं. गुणवंतरावांना ती आगारातल्यासारखं बाबूच म्हणायची.

"बाई, बाबूले सांगा ना. गान्यात आमच्या घरच्याचं नाव टाका म्हना."

"नाव का गं?"

"आगारात त्याहीले लंगड्या म्हनत. इथी घंटीवाला म्हनत. मी बायको, मले तं नाव घेता येत नाई. मंग देवाच्या कानावर ते नाव पडलं कधी, सांगा. आता वरती जाऊन उभे राह्यले, अन् देवानं इचारलं, कोन बापा तू, तं हे काय सांगतीन? त्याहीले चार लोकांत बोलताच येत नाई. मुकाट उभे राहतीन दाराजवळ. देवाले वाटन, असन कोनी."

सत्यशीलाबाईंनी चपला घातल्या. ख्रिस्ती होऊन त्या घराच्या दोन पिढ्या झाल्या होत्या, पण नवऱ्याचं नाव न घ्यायची सवय बाप्तिस्म्याच्या पाण्यानं थोडीच धुऊन जाते.

गुणवंतराव ओसरीवर शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते. दफनगीत सुरू होतं. पहिली ओळ तयार होती आणि ती त्यांनी विचारल्याशिवाय वाचून दाखवली, 'हे त्रैलोक्यपाला, मी अमंगळ कर्दम'.

"कर्दम म्हणजे चिखल ना?"

"चिखल म्हणजे चिखल. कर्दम म्हणजे कर्दम."

"बरं. यात वारलूचं नाव घाला."

गुणवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "गीतात? मनुष्याचं नाव?"

"मेला तो मनुष्यच आहे."

"गीत देवाचं असतं, बाई. मनुष्य म्हणजे काय, वाटेवरचा पाचोळा."

"वारलू वीस वर्षं तुमचा हातोडा उचलत होता. पाचोळ्याला झेपत नाही ते."

"आणि ते नाव छंदात बसत नाही."

"तीन अक्षरांचं आहे. गुणदासला चार लागतात, तो बरा ऐसपैस बसतो."

"ती नाममुद्रा आहे. परंपरा आहे ती."

"म्हणजे देवाच्या गाण्यात दोनच नावं चालतात. एक त्याचं, एक तुमचं."

गुणवंतरावांचे कान तांबडे झाले. "तुम्हाला गणित कळतं, भक्ती कळत नाही. देवाला थोर म्हणायचं तर आपण लहान व्हावं लागतं."

"आपण व्हा की, कोण नको म्हणतंय? तुम्ही दुसऱ्यांना लहान करता आणि पावती स्वतःच्या नावानं फाडता. नाताळला काय गाता हो तुम्ही? देव माणूस झाला, सुताराच्या घरी वाढला, हेच ना? तो सुतार तुमच्या आगारात लाकूड मागायला आला असता, तर तुम्ही त्याला दिवसभर फाटकाशी बसवून ठेवला असता आणि संध्याकाळी जळाऊ देऊन वाटेला लावला असता."

 गुणवंतरावांनी शब्दकोश मिटून बाजूला ठेवला. मग अगदी खरेपणानं म्हणाले, "पहिल्या प्रतीचं दिलं असतं. तो कोण आहे हे ओळखलं असतं तर."

"तेच म्हणतेय मी," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

नाव काही घातलं नाही त्यांनी. सत्यशीलाबाई परत भागीरथेकडे गेल्या. "बाबू नाही म्हणतात. तूच म्हण. रोवण्यात म्हणतेस तसं."

"रोवन्याचं? देवाम्होरं?"

"देव भात खात नसेल, पण त्याला धान कळतं."

भागीरथेनं पदर तोंडाशी धरला. "अन् नाव कोन घेईन?"



चार वाजता दफन झालं. पेटी ऑटोतून आणली होती. गुणवंतरावांनी खणखणीत आवाजात पाच कडवी म्हटली, अमंगळ, कर्दम, कीटक, सगळं यथास्थित, आणि शेवटी गुणदास म्हणाला, मज पायदळी तुडव. लोक नेहमीप्रमाणे माना हलवत होते. पाळकांनी पुस्तक उघडलं, एवढ्यात भागीरथा खड्ड्याच्या काठाशी जाऊन उकिडवी बसली. बांधीत बसावं तशी. आणि खाली बघून, सूर न लावता, बोलल्यासारखं म्हणायला लागली.

*देवबापा, दार उघड, मानूस आला तुया दारी,*
*वारलू नाव त्याचं, वारलू.*
*आंधी त्याले बसाले दे, पाय दुखते त्याचा,*
*वारलू नाव त्याचं, वारलू.*
*घंटी वाजव म्हनू नोको आल्या आल्या,*
*पानी दे, दम खाऊ दे,*
*तूबी चालला अनवानी, तुले मालूम हाय,*
*वारलू नाव त्याचं, वारलू.*

पहिल्यांदा नाव आलं तेव्हा तिचा आवाज फुटला. जमलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण पस्तीस वर्षांच्या संसारात ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दोघी-तिघींनी ओळ उचलली. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी. सत्यशीलाबाईंनी पेटीचा भाता दाबला आणि खालचा एकच सूर धरून ठेवला, दुसरं काही वाजवण्यासारखं त्यात नव्हतं. पाळक पुस्तक मिटून उभे राहिले.

गुणवंतराव खांद्यावरचा टॉवेल सारखा करत होते. परतताना फाटकाशी म्हणाले, "छंद नाही. व्याकरण नाही. देवाला एकेरीत आज्ञा. बस म्हणे, पाणी दे म्हणे. काय हॉटेल आहे काय ते?"

"तुम्ही तुडव म्हणता, ती पाणी दे म्हणते," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आज्ञा दोन्ही आहेत. तुमच्यात कष्ट देवालाच जास्त."

विक्कीची चिठ्ठी या वेळी सत्यशीलाबाईंनी स्वतः लिहिली. 'वारलू', एवढाच एक शब्द आणि दोन तारखा. बोर्डावर एकटाच कलाकार बघून विक्कीनं पूर्ण क्रूसभर लाल अक्षर काढलं. गुणवंतरावांनी महिन्याच्या प्रार्थनेला ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, पण सत्यशीलाबाईंनी त्याचा फार विचार केला नाही. गप्प आहे तेवढं बरं, असंच त्यांना वाटलं.

जानेवारीत एका दुपारी ते काठी टेकत आले. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत, दाराशी उभेच राहिले. आत चुलीवर, म्हणजे गॅसवर, वांग्याची भाजी होती.

"माझं गीत कोण लिहील?" त्यांनी विचारलं.

"कसलं?"

"माझ्या वेळचं."

"दोनशे अकरा आहेत तुमची. निवडायचं कुणीतरी एक."

"त्यात माझं काही नाही."

"नाव तर आहे."

"नाव आहे," ते म्हणाले.  "भागीरथेला विचाराल का? तिच्या बोलीत चार ओळी. बाबू म्हणते ती मला, बाबूच म्हणू द्या. गुणदास नको."

सत्यशीलाबाईंना हसूही आलं आणि रागही आला. वारलूला तीन अक्षरं दिली नाहीत, आणि आता स्वतःसाठी दारोदार. "तुम्हीच विचारा की. फाटकापलीकडे तर राहते."

"मी गेलो तर ती उठून उभी राहील, बाई. मला नाही म्हणता येणार नाही तिला. तुम्हाला म्हणता येईल. तिच्या मनात नसेल तर तिनं नाही म्हणावं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत या माणसानं दुसऱ्याच्या बाजूनं काही विचार केल्याचं सत्यशीलाबाई पहिल्यांदा बघत होत्या, आणि नेमकी आत भाजी लागल्याचा वास आला. "विचारते," त्या म्हणाल्या. माणूस दारातून हलावा म्हणून म्हणाल्या. गुणवंतरावांनी दोन्ही हात जोडले. हे त्यांनी पूर्वी फक्त देवापुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या तर फाटक बंद. मालगाडी उभी होती. दहा मिनिटं थांबल्या, ऊन लागलं, परत फिरल्या. चार दिवस तसेच गेले. घाई काय आहे, रांगू दे थोडं, असंही मनात होतं. ते त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. पाचव्या दिवशी कळलं, भागीरथा बायांच्या टोळीबरोबर टेम्पोतून मिरची तोडायला तेलंगणात गेली. आता दोन-अडीच महिने येत नाही. तिचा फोन नंबर सत्यशीलाबाईंच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलेला होता. फोनवर काय असलं विचारायचं, म्हणून त्यांनी तो लावला नाही. गुणवंतराव रविवारी भेटायचे, डोळ्यांनी विचारायचे, आणि त्या पेटीची झडप पुसत राहायच्या.

मार्चमध्ये गुणवंतराव गेले. मंडळीनं त्यांचंच एक गीत निवडलं, लांबलचक, अमंगळ आणि कीटक असलेलं. सत्यशीलाबाईंनी ते वाजवलं. शेवटच्या कडव्याला लोकांनी उभं राहून मान दिला.

एप्रिलात भागीरथा परत आली. बोटं मिरचीनं सोललेली, काखेत पिशवी. अर्धी पायली लाल मिरची बाईंसाठी आणली होती.

"बाबू गेले म्हनते."

"हो."

"गानं कोनी केलं?"

"त्यांचंच होतं."

"बरं झालं. त्याहीले दुसऱ्याचं पसंत नाई पडे."

सत्यशीलाबाईंनी मिरच्या सुपात ओतल्या आणि देठं खुडायला बसल्या. भागीरथाही समोर बसून खुडायला लागली. तिकडच्या पाण्याच्या, मुकादमाच्या, एका बाईला विंचू चावल्याच्या गोष्टी झाल्या. चहा झाला. सांगायचं तर अजूनही सांगता आलं असतं, की बाबूंनी तुझ्याकडे निरोप दिला होता, चार ओळी मागितल्या होत्या. सूप रिकामं झालं. भागीरथेनं पिशवी झटकली, "जातो बाई" म्हणाली आणि गेली.